नावाआधीची रेघ

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
३ नोव्हेंबर २०२५

अंगद,

जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस. मेलला उत्तर देत नाहीस. हरकत नाही, पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही.

कॉलेजात चार वर्षं आपण एका बाकावर बसलो, नंतर तीन वर्षं चिकलठाण्याच्या ऑफिसात समोरासमोरच्या टेबलांवर काम केलं, आणि तुझ्या सोयगावच्या घराचा पत्ता मला तुझ्या नोकरीच्या अर्जावरून उतरवून घ्यावा लागला. लाज वाटली. असो, मुद्द्यावर येते.

तू परत यावंस. तुझी जागा अजून भरलेली नाही. ऑफिस अभय सरांचं, शेवटचा शब्द त्यांचा, आणि ते ऐकायला तयार आहेत. मी दोनदा बोलले. त्यांना तुझ्याकडून एकच पान हवंय: 'जे फंक्शन बाहेरून वापरायचं नाही अशी खूण केलेली होती, ते मी वापरलं, चूक झाली.' एवढंच. मी मजकूर तयार करून सोबत जोडलाय. सही कर आणि पाठव. बाकीचं माझ्यावर सोड.

तुझ्या टेबलावर सध्या एक नवीन मुलगी बसते. परवा तिनं विचारलं, आपण एक फाईल दुसऱ्या फाईलमध्ये इम्पोर्ट केली की तिच्यातलं सगळंच आत येतं का? मी म्हटलं, मेडिकलचं दुकान बघ. गिऱ्हाईकानं काउंटरवर मागायचं, मागच्या रॅकला हात घालायचा नाही. तसंच फाईलमध्ये काही फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेली छोटी कामं, लोकांसाठी असतात, काही फक्त आतल्या कामासाठी. आतल्याच्या नावाआधी आपण खालची रेघ देतो, अंडरस्कोर. मग जो 'स्टार' लावून सगळी फाईल एका दमात इम्पोर्ट करतो, त्याला ते नाव मिळतच नाही. तिनं लगेच विचारलं, म्हणजे कुलूप लागतं? हुशार आहे. मी म्हटलं, नाही. कुणी मुद्दाम फाईलचं नाव, मग टिंब, मग रेघेसकट फंक्शनचं नाव असं सगळं टाईप केलं, तर पायथॉन भाषा त्याला अडवत नाही. ती रेघ म्हणजे विनंती आहे.

ती विनंती तू मोडलीस, असं फाईल सांगते. हे मी भांडायला लिहीत नाही. तू माणूस चांगला आहेस, प्रोग्रामर त्याहून चांगला आहेस, आणि एका चुकीपायी गावी जाऊन बसायचं तुझं वय नाही.

पानावर सही कर.

संध्या


बजाजनगर
१८ नोव्हेंबर २०२५

अंगद,

जय भीम.

पोचपावतीवर सृष्टीची सही आहे. म्हणजे तुझ्या बहिणीनं पत्र घेतलं. तू वाचलंस असं मी धरून चालते.

माफीचा मजकूर तुला खटकला असेल. म्हणून झालेलं सगळं एकदा सरळ क्रमानं मांडते, त्यातून तुझे शब्द तू शोध.

'कळप' हे ॲप मुळात तुझ्या डोक्यातून निघालं. मेंढपाळानं फोनवर मेंढीचं वजन सांगायचं, फोननं जंताच्या औषधाची मात्रा सांगायची. पडद्याचं काम तुझं, हिशोबाचं माझं. माझ्या फाईलचं नाव 'औषध'. पायथॉनला देवनागरी नावं चालतात हे कळल्यावर आपण दोघं लहान पोरांसारखे नाचलो होतो, आठवतं? बाहेरच्या फंक्शनचं नाव 'मात्रा_सांग', आतल्याचं 'मिली_काढ'. ऑफिसातले बाकीचे हसले. तू म्हणालास, हसू दे, माझ्या बापाला वाचून दाखवता येतं.

'मात्रा_सांग' आधी चार गोष्टी विचारायचं: वजन, वय, मागचं औषध कधी पाजलं, आणि बाटली साधी की तेज. चारी उत्तरं मिळाली तरच ते आतल्या 'मिली_काढ'ला हाक मारायचं. 'मिली_काढ'ला फक्त वजन कळायचं. बाटलीबद्दल कुणी काही सांगितलं नाही, तर ते बाटली साधी आहे असं समजायचं. आतल्या कामाला तेवढं पुरेसं होतं, कारण विचारपूस बाहेर झालेली असणार.

सप्टेंबरमध्ये पहिली चाचणी तुमच्याच कळपावर ठरली. तू फोन घेऊन गेलास आणि दुसऱ्या दिवशी हसत हसत मला फोन केलास. तुझे वडील, कडूबामामा, म्हणाले होते, "एवढे सवाल तर तहसीलदार बी इचारत नाय. पाऊस वर आलाय, छत्तीस मेंढरं पाजायची हायेत, तुझा फोन अजून वयच इचारतोय." मीही हसले. मी म्हटलं, बघ काय करता येतं ते. तू पडद्यावरचे तीन प्रश्न काढलेस आणि सरळ 'मिली_काढ' वापरलंस. तीस किलोच्या मेंढीला सहा मिली. साध्या बाटलीतलं असतं तर बरोबर होतं. पण त्या आठवड्यात दुकानात तेज बाटली आली होती, तिप्पट ताकदीची. तिच्यातलं दोन मिली पुरलं असतं.

ते औषध जास्त झालं की डोळ्यांवर जातं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. आठ-दहा दिवसांनी तुझा फोन आला. "संध्या, मेंढरं कुंपणाला धडकायलीत." एवढंच बोललास. अकरा मेंढ्या.

तू फोन ठेवण्याआधी मागून तुझ्या आई, बानाबाई मावशी, मेंढ्यांना एकेकीच्या नावानं हाका मारत होत्या, ते मला ऐकू येत होतं. ते मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही.

आता एक वेगळीच गोष्ट. माझी आई वाळूजला पार्टच्या कंपनीत शेवटच्या तपासणीवर असते, तुला माहीत आहे. काल ती दुपारीच घरी आली. आदल्या दिवशी गाडीत भरून गेलेल्या मालाच्या टॅगवर, 'तपासला' म्हणून सही कर, असं साहेबानं सांगितलं. तिनं केली नाही. "माल गेल्यावर तपासल्याची सही? मला नाही जमत," म्हणाली, डबा उचलला आणि आली. आज तिला बोलावतात की नाही, माहीत नव्हतं. तरी घरी येऊन तिनं पीठ मळलं, भाकरी टाकल्या, मला म्हणाली, "ये गं, गरम आहे तोवर खा." बावीस वर्षांची नोकरी पणाला लावून आलेली बाई, आणि चेहऱ्यावर काही नाही. मी भाकरी तशीच ठेवली. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

आज सकाळी तिला बोलावणं आलं. सही दुसऱ्या कुणाची घेतली म्हणे. ती कामावर गेली.

पत्र इथंच थांबवते. माफीचं पान इतक्यात पाठवू नकोस.

संध्या


बजाजनगर
१ डिसेंबर २०२५

अंगद,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

रेघ नव्हती.

तू फाईल वापरलीस त्या दिवशी 'मिली_काढ' या नावाआधी कोणतीही रेघ नव्हती. बाहेर द्यायच्या नावांची यादी फाईलच्या माथ्यावर लिहायची असते, तीही मी लिहिली नव्हती. तू 'स्टार' लावून इम्पोर्ट केलंस, तेव्हा काउंटर आणि मागची रॅक दोन्ही तुझ्यासमोर सारखीच उघडी होती. 'हे वापरू नको' असं एक अक्षरही मी कुठं लिहिलेलं नव्हतं. उद्या देऊ, परवा देऊ, करत राहून गेलं. मला सगळं कळत होतं. मीच तर नव्या लोकांना हे शिकवते.

तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी अभय सरांनी मीटिंग लावली, दुपारी तीनची. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी डबा उघडला नाही. फाईल उघडली आणि रेघ दिली. एक बटण, अंगद. शिफ्ट दाबून एक बटण. मग कोणता बदल कधी झाला याची जी नोंद राहते, तीही पुन्हा लिहिली, जणू काही ती रेघ जूनपासूनच तिथं होती. तो अधिकार ऑफिसात फक्त मला होता. तीन वाजता मी ती फाईल पडद्यावर लावली आणि सगळ्यांनी ती रेघ बघितली.

घाबरले होते असं म्हणून सुटता आलं असतं. पण मी घाबरले नव्हते. मी शांतपणे केलं, नीट तपासून केलं. मला काम नीटच करता येतं. माझं नाव त्या ऑफिसात कसं तयार झालंय तुला माहीत आहे. बजाजनगरच्या कामगाराची मुलगी, आणि हिची फाईल कधी चुकत नाही. ते नाव मला अकरा मेंढ्यांपेक्षा आणि तुझ्यापेक्षा मोठं वाटलं, तेवढा एक तास. त्या तासाचं मी पुढं दोन महिने रक्षण केलं. तुला माफीचं पान लिहून पाठवलं, तेही त्यातलंच.

मी हे अभय सरांना सांगणार आहे. तुझं उत्तर येवो न येवो. तुझ्याकडून काही मागत नाही.

संध्या

ता. क. वरचं लिहून पाकीट बंद केलं होतं. पुन्हा उघडलं, कारण एक गोष्ट गाळली होती. रेघ एकाच ठिकाणी देऊन भागत नव्हतं. तुझ्या फाईलमध्ये बिनरेघेचं नाव होतं, ते तसंच राहिलं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. म्हणून तुझी ओळही मी बदलली. 'औषध', टिंब, रेघ, 'मिली_काढ'. जणू तू मुद्दाम, समजून-सवरून, तेवढं सगळं टाईप केलंस. आणि त्या ओळीपुढं नाव तुझंच ठेवलं.


बजाजनगर
९ डिसेंबर २०२५

अंगद,

जय भीम.

सांगितलं. काल, सोमवारी. शनिवारी सहा डिसेंबर होता. आईबरोबर भडकल गेटला अभिवादनाला जाऊन आले. रांगेत उभं असताना आईला सगळं सांगून टाकलं. ती परत येताना रिक्षात म्हणाली, "सोमवारी किती वाजता जातेस?" मी म्हटलं, नऊला. "मग डबा साडेआठला देते."

अभय सरांनी ऐकून घेतलं. बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले, "हे अजून कुणाला माहीत आहे?"

"अंगदला. पत्रानं कळवलंय."

"पत्रानं?" त्यांना त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं. मग म्हणाले, "हे बघ, प्रकरण मिटलंय. अंगदला आपण तसंही परत घेऊ. आता हे सगळं उकरून काय मिळणार?"

मी म्हटलं, सर, सप्टेंबरच्या मीटिंगला जे होते त्या सगळ्यांना बोलवा. नाही बोलावलंत तर मी एकेकाच्या टेबलाजवळ जाऊन सांगेन, त्यात तुमचा जास्त वेळ जाईल. हसू नकोस, अगदी असंच म्हणाले. त्यांनी बोलावलं.

ऑफिसातली नोंद मी बदलली होती, पण माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर जुनी फाईल तशीच होती. पुसायचं धाडस कधी झालं नाही. ती पडद्यावर लावली. बिनरेघेची. शेजारी बदललेली. खाली तुझी मूळ ओळ आणि मी बदललेली ओळ. नवीन मुलगी दारातून बघत होती. तिनं बघितलं ते बरंच झालं.

निकाल असा. नोंदी बदलायचा अधिकार माझ्याकडून काढला. सहा महिने माझी कोणतीही फाईल दुसऱ्यानं तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही. माझं 'कळप'चं प्रमुखपद गेलं. हे रास्त आहे, असं मी तिथंच सांगितलं. तुझ्या कागदांवर 'हलगर्जीपणा' असं लिहिलं होतं, ते काढलंय. तसं पत्र तुला ऑफिसकडून येईल. आलं नाही तर मला कळव, मी त्यांच्या मागं लागेन.

आणि काम थांबवलेलं नाही. 'औषध' नव्यानं लिहिलं. या वेळी रेघ दिली, माथ्यावर यादीही दिली, आणि त्या यादीत एकच नाव आहे, 'मात्रा_सांग'. पण भरवसा त्यावर ठेवला नाही. आतलं फंक्शनच असं लिहिलं की बाटली कोणती ते सांगितल्याशिवाय ते आकडाच देत नाही. कुणी मागच्या दारानं आलं तरी त्याला तोच प्रश्न विचारला जाईल. चार प्रश्नांचे दोन केले, तेही मोठ्या अक्षरांत. मामांचं म्हणणं बरोबर होतं. सवाल जास्त होते. मी ते कमी करायला हवे होते, म्हणजे तुला दुसरी वाट शोधावी लागली नसती.

दोन पानं छापून सोबत पाठवतेय. बघ. चांगलं झालंय.

संध्या


सोयगाव
२० डिसेंबर २०२५

संध्या,

जय मल्हार.

तुझी चारी पत्रं मिळाली. माय म्हणती, पोस्टमनला आता आपलंच घर दिसतंय. ऑफिसचं पत्र बी आलं.

रेघ नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून ठावं हाये. माझ्या घरच्या लॅपटॉपवर बारा सप्टेंबरची फाईल पडून हाये. मीटिंगीत तू पडद्यावर रेघ दाखवली तवा मी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलं नाय. तवाच समजलो.

मंग बोललो का नाय? लई दिवस मलाच कळत नव्हतं. आता लिहितो. बाहेरचं फंक्शन चार सवाल कशासाठी इचारतंय हे मला माहीत हुतं. दादांना घाई हुती अन् मला दादांसमोर शायनिंग मारायची हुती. रेघ असती तरी मी ती वलांडून गेलो असतो. इनंती वाचून थांबणाऱ्यातला मी त्या दिवशी नव्हतो. मेंढरं माझ्या घाईनं आंधळी झाली. तू खोटं केलं ते नंतर. म्हणून गप बसलो. तू खोटी ठरली असती तरी मेंढरांना दिसलं नसतं.

अकरातल्या नऊ हायेत. दोन वढ्यात पडून गेल्या. नऊ जणींना माय सकाळी हातानं चारा दाखवती, मंग खायला लागतात. एका डोळस मेंढीच्या गळ्यात दादांनी घंटी बांधली, तिच्या आवाजावर आंधळ्या चालतात. रस्ता बदलला की थांबतात. मंग आपन थांबायचं.

आता खरं सांगतो. मी नंबर ब्लॉक केला त्यो रेघेसाठी नाय. तू चार पत्रं लिहिली, सगळं कबूल केलं, तुझी वळ बदलली माझी वळ बदलली, पन एक गोष्ट कुठंच लिहिली नाय. तुला आठवत नसंल असं मला वाटत नाय. रेघ दाखवून तू सगळ्यांसमोर म्हणली, "अंगद, वाचता येत नाही का तुला?" सात माणसं हुती. दोघं हसले.

माझ्या घरात वाचायला शिकलेला मी पहिला. दादांना बाटलीवरचं मीच वाचून दाखवतो, लहानपणापासून. त्या दिवशी मी बाटलीवरचा आकडा वाचला नाय, हे खरं हाये. म्हणून ते वाक्य बरोबर जागी लागलं. तुला ठावं हुतं कुठं लागंल. दुसरं कुणी म्हणलं असतं तर इसरलो असतो.

तुझी नवी फाईल वाचली. चांगली हाये. एक चूक हाये. बाटली साधी का तेज, दोनच उत्तरं ठेवली तू. मेंढक्याच्या पिशवीत बाटलीवरचा कागद टिकत नाय, भिजतो, निघून जातो. मंग माणूस काय करंल? दोनातलं एक दाबणारच. तिसरं उत्तर ठिव. 'माहीत नाय'. अन् ते दाबलं की आकडा द्यायचा नाय, डॉक्टरकडं जा म्हणायचं.

नोकरीचं सध्या इचारू नको. गावात गुरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जातो, मेंढपाळांच्या कागदाचं बघतो.

अंगद


बजाजनगर
५ जानेवारी २०२६

अंगद,

जय भीम.

काल मी सोयगावला येऊन गेले. तू तिथंच होतास, तरी लिहिते. कागदावर राहिलं नाही तर मी ते पुढं माझ्या सोयीनं बदलेन. मी तसं करू शकते, हे आपल्या दोघांना माहीत आहे.

तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा रागच आला. वाटलं, एवढं सगळं कबूल केलं आणि हा एका वाक्यावर अडून बसलाय. मग पत्र पुन्हा वाचलं. ते वाक्य मला आठवत होतं, अंगद. चारी पत्रं लिहिताना आठवत होतं. फाईलमधला खोटेपणा कबूल करणं मला जमलं, कारण ते काम होतं, आणि कामातलं चुकलेलं दुरुस्त करता येतं. ते वाक्य कुठल्या फाईलमध्ये नव्हतं. माझे आजोबा अंगठा उठवायचे. बँकेत त्यांना हेच वाक्य कुणीतरी ऐकवलं होतं आणि आमच्या घरात ते अजून सांगतात. मला माहीत होतं कुठं लागेल. म्हणूनच ते मी वापरलं. तू एक शब्द बोलला असतास तर मी उघडी पडले असते. तू बोलू नयेस म्हणून मी ते म्हणाले.

तुमची मेंढरं गावाबाहेर कापूस निघालेल्या वावरात बसवली होती. तू लांबूनच "तिकडं" म्हणून हात केलास आणि पाण्याची कॅन घेऊन निघून गेलास. कडूबामामांपाशी मी एकटीच गेले. येताना एसटीत काय बोलायचं ते पाठ केलं होतं. मामांनी बोलू दिलं नाही. एका मेंढीची मान धरली आणि म्हणाले, "हिच्या डोळ्याम्होरं हात हालव." मी हलवला. डोळे उघडे होते, स्वच्छ होते. पापणी लवली नाही. पाठ केलेलं सगळं गेलं.

मग जे होतं ते सांगितलं. तोवर तू मागं येऊन उभा राहिला होतास. मी म्हटलं, मामा, अंगदला मी सात माणसांसमोर विचारलं, वाचता येत नाही का तुला. त्याला येतं. खूण मी केलीच नव्हती. मागून केली आणि त्याच्या नावावर ढकलली.

मामा म्हणाले, "खूणबीण मला कळत नाय. खोटं बोलली का?"

"हो."

"त्याच्या नावावर?"

"हो."

ते काठी घेऊन उठले आणि सरळ मेंढरांत गेले. मला वाटलं संपलं. बानाबाई मावशी म्हणाल्या, "बस. च्या घे. राग आला की ते मेंढरं मोजत्यात. मोजून झाली की येतील." तुझ्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून चहाकडं बघत बसले. मग तू म्हणालास, "परत म्हण." मी परत म्हटलं, तुझ्याकडं बघून. तू म्हणालास, "हेच ऑफिसात म्हणायचं. तेच सात जण पायजेत."

मामा आले आणि मला म्हणाले, "फोन आणलाय ना तुझा? दाव." पिशवीतून त्यांनी कागद निघालेली एक बाटली काढून माझ्या पुढ्यात ठेवली. मी फोन त्यांच्याच हातात दिला. तू शेजारी बसून एकेक अक्षर वाचून दाखवलंस. वजन. मग बाटली. तिसरं उत्तर तू सांगितलेलं, ते त्यांनी स्वतः दाबलं. फोननं सांगितलं, मात्रा सांगता येत नाही, डॉक्टरांना विचारा.

"नाय म्हणतंय?" मामांनी विचारलं.

"व्हय दादा."

"मंग बरोबर हाये." आणि बाटली पिशवीत न ठेवता तुझ्या हातात दिली, डॉक्टरांना दाखवायला.

ते माझ्याशी चांगलं बोलले, असं मी म्हणणार नाही. निघताना एवढंच म्हणाले, की फेब्रुवारीत पुन्हा औषध पाजायचंय, त्या दिवशी तू बी पायजेस. प्रमुखपद गेल्यापासून कुणी मला दिलेलं ते पहिलं काम आहे. मी येणार आहे.

आज सकाळी अभय सरांशी बोलले. येत्या सोमवारी, बारा तारखेला, अकरा वाजता. ते सातही जण असतील. मी नावं घेऊन सांगितलंय. तू गावात राहूनच काम करणार, 'कळप'ची प्रत्येक फाईल आधी तू वाचणार, आणि मेंढपाळांनी बघितल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही, या काल मी निघताना तू घातलेल्या अटी मी त्यांना सांगितलेल्या नाहीत. त्या तुझ्या आहेत, तूच सांगशील. ते कुरकुरतील, पण ऐकतील. त्यांना गरज आहे आणि हे त्यांना कळतं.

मी आधी उभी राहून माझं वाक्य म्हणेन, त्याच सात जणांसमोर, तुझ्याकडं बघून. त्यानंतर खाली बसेन, आणि तू विचारल्याशिवाय एक शब्दही बोलणार नाही.

संध्या